एमपीआय प्रोग्रॅममध्ये एकाचा मेसेज दुसऱ्याला मिळतो तेव्हा

एमपीआय म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींनी, म्हणजे प्रोसेसनी, एकमेकींना मेसेज पाठवायची ठरलेली पद्धत. त्यातला हा बिघाड मी इतक्यांदा निस्तरलाय की आता तक्रारीचं पहिलं वाक्य ऐकूनच अंदाज येतो. "कोडला हातही लावला नाही, फक्त एक लायब्ररी जोडली आणि उत्तरं बदलली." किंवा, "4 प्रोसेसवर बरोबर, 64 वर चूक." दर वेळी कोड वेगळा असतो, माणसं वेगळी असतात, पण आत सापडतं तेच: प्रोग्रॅमच्या एका भागाने पाठवलेला मेसेज दुसऱ्याच भागाने उचललेला असतो. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत आणि दर वेळचा 'एमपीआय_' हा उपसर्ग गाळलाय.

लक्षणं

सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे अनियमितपणा. तोच इनपुट, तेवढ्याच प्रोसेस, पण दहातले आठ जॉब बरोबर उत्तर देतात आणि दोन देत नाहीत. प्रोसेस वाढवल्या की चुकण्याचं प्रमाण वाढतं. शोधायला म्हणून प्रिंट टाकलं की बिघाड गायब, प्रिंट काढलं की परत हजर.

दुसरं, 'मेसेज ट्रंकेटेड' (जागेपेक्षा मेसेज मोठा) ही एरर. ज्या रिसीव्हवर (मेसेज घेणाऱ्या फंक्शनवर) ती येते तिथला कोड तुम्ही दहादा वाचता आणि त्यात काहीच चूक दिसत नाही.

तिसरं, जॉब लटकतो. डीबगर लावून पाहिलं तर काही रँक (प्रत्येक प्रोसेसचा क्रमांक, आणि बोलण्यात ती प्रोसेसच) रिसीव्हमध्ये अडकलेल्या असतात आणि बाकीच्या केव्हाच पुढे जाऊन ऑलरिड्यूसपाशी (सगळ्यांचे आकडे एकत्र करणाऱ्या फंक्शनपाशी) वाट बघत असतात.

चौथं सगळ्यात वाईट. एरर नाही, लटकणं नाही, उत्तर 'जवळपास' बरोबर. असं का होतं ते पुढे दाखवतो, कारण यातच माणसं महिने घालवतात.

उलट, दर वेळी त्याच रँकवर तेच चुकीचं उत्तर येत असेल तर हा बिघाड बहुधा नाही. तुमचं गणित किंवा इंडेक्स तपासा. लहान डेटावर चालतं आणि डेटा मोठा केला की दर वेळी हमखास लटकतं, हाही वेगळा आजार. त्याची चाचणी पुढे येईलच.

आधी हे माहीत हवं: जोडी कशावरून जुळते

रिसीव्हला मेसेज जुळवताना एमपीआय तीनच गोष्टी बघतं: कोणी पाठवला, टॅग काय आणि कम्युनिकेटर (आपसात बोलणाऱ्या प्रोसेसचा गट) कोणता. बस. आकार बघत नाही, डेटा टाइप बघत नाही, मेसेज कोडच्या कुठल्या भागातून निघाला हे तर त्याला कळायचा प्रश्नच नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना 'कोणीही चालेल' असं सांगता येतं, एनी_सोर्स आणि एनी_टॅग. तिसरीला तशी सोय नाही. 'कुठलाही कम्युनिकेटर' असा पर्याय एमपीआयमध्ये मुद्दामच ठेवलेला नाही.

टॅग म्हणजे पाकिटावर तुम्ही स्वतः लिहिलेला आकडा. दुसऱ्या कोणी तोच आकडा लिहिला तर पाकिटं वेगळी ओळखता येत नाहीत. कम्युनिकेटरच्या पोटात मात्र 'कॉन्टेक्स्ट' नावाची एक खूण असते. ती एमपीआय स्वतः देतं, प्रोग्रॅमला दिसत नाही आणि हाताने लिहिता येत नाही. 1994 साली एमपीआयचं पहिलं मानक आलं त्याआधीच्या बऱ्याच मेसेज लायब्ररींमध्ये टॅगवरच भागवावं लागायचं. 'हजारापर्यंतचे टॅग आमचे, पुढचे तुमचे' असे तोंडी करार असायचे आणि ते मोडायचेही. झिपकोड नावाच्या एका आधीच्या प्रणालीत कॉन्टेक्स्टची कल्पना होती, तिथून ती एमपीआयमध्ये आली. इतकी जुनी सोय असूनही निम्मे कोड आजही सगळं काही कॉम_वर्ल्डवरच (सगळ्या प्रोसेसच्या आयत्या कम्युनिकेटरवरच) हाकतात आणि टॅगच्या भरवशावर राहतात. दुखणं तिथेच आहे.

आता तपासण्या. स्वस्त आधी, महाग नंतर. क्रम मोडू नका. मी स्वतः एकदा थेट सातवीवर उडी मारली होती आणि तीन दिवसांनी दुसरीवर परत आलो.

1. सगळ्या प्रोसेस एकाच जॉबमधल्या आहेत ना?

एक मिनिटाचं काम. सुरुवातीलाच रँक आणि साइज छापा. प्रत्येक ओळीत 'रँक 0, साइज 1' दिसलं तर प्रोग्रॅम एका एमपीआयने कंपाइल झालाय आणि जॉब सुरू करणारी एमपीआयरन कमांड दुसऱ्याची आहे. उदाहरणार्थ, एक ओपन एमपीआय आणि दुसरं एमपिच (एमपीआय पुरवणाऱ्या या दोन वेगळ्या लायब्ररी). प्रत्येक प्रोसेस स्वतःला एकटी समजते. मेसेजची सरमिसळ वगैरे काही नसते, मॉड्यूल नीट लोड करा आणि मोकळे व्हा.

2. आर्ग्युमेंटचा क्रम आणि टॅगची मर्यादा

सेंडला शेवटून बघितलं तर कम्युनिकेटर, त्याआधी टॅग, त्याआधी कोणाला पाठवायचं ती रँक. टॅग आणि रँक दोन्ही साधे पूर्णांक. अदलाबदल झाली तरी कंपायलर तक्रार करत नाही. रँक 3 ला टॅग 5 ने पाठवायचं ते रँक 5 ला टॅग 3 ने जातं आणि 64 प्रोसेस असतील तर रँक 5 अस्तित्वात असतेच, त्यामुळे एररही येत नाही. 4 प्रोसेसवर मात्र 'अवैध रँक' म्हणून लगेच पकडली जाते. त्यामुळे असा कोड मुद्दाम कमीत कमी प्रोसेसवर चालवून बघायचा.

टॅगची कमाल मर्यादाही इथेच बघून घ्या. मानक फक्त 32767 पर्यंतची हमी देतं. बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष मर्यादा याहून कितीतरी मोठी असते, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. 'टॅग = पायरी × 1000 + रँक' असा हिशोब मी अनेक कोडमध्ये पाहिलाय. तेहतिसाव्या पायरीला 33000 होतात आणि हमी संपते. तुमच्या मशीनवर चालतं, दुसऱ्याच्या क्लस्टरवर कोसळतं. खरी मर्यादा टॅग_यूबी या अॅट्रिब्यूटमधून विचारता येते. आणि मर्यादा ओलांडू नये म्हणून कोणी मोड्युलो (भागाकाराची बाकी) लावला असेल तर जास्त सावध व्हा. मग एरर येत नाही, पण जुन्या पायरीचा आणि नव्या पायरीचा टॅग एकच होऊन बसतो.

3. 'कोणीही चालेल' कुठे कुठे लिहिलंय?

ग्रेप करा (म्हणजे कोडमध्ये हे शब्द शोधा): एनी_सोर्स, एनी_टॅग. स्वतःच्या कोडमध्ये आणि सोर्स हाताशी असेल तर जोडलेल्या लायब्ररीतही. सापडलेली प्रत्येक जागा कागदावर लिहा आणि समोर उत्तर लिहा: इथे 'कोणीही' खरंच हवंय का, की आळसाने लिहिलंय?

मालक-कामगार पद्धतीत एनी_सोर्स लागतोच, कारण कुठला कामगार आधी मोकळा होईल हे माहीत नसतं. ते ठीक. एनी_टॅगसुद्धा तिथे चालतो, मेसेज आल्यावर टॅग बघून 'काम झालं' की 'काम द्या' हे ठरवायला. पण हे रिसीव्ह ज्या कम्युनिकेटरवर आहे त्याच कम्युनिकेटरवर आणखी कोणी बोलत असेल, तर हा रिसीव्ह म्हणजे उघडी खिडकी. येईल तो मेसेज आत.

सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक प्रोब वापरतानाची. कोड असा असतो: प्रोबला एनी_सोर्स देऊन विचारलं, 'आलंय का काही?' आलंय म्हटल्यावर गेट_काउंटने आकार घेतला, तेवढा बफर काढला. इथपर्यंत छान. मग रिसीव्ह करताना परत एनी_सोर्स लिहिला! प्रोबने बघितला रँक 9 चा मेसेज, रिसीव्हने उचलला रँक 2 चा, कारण दरम्यान तोही येऊन पोचला होता. आकार रँक 9 च्या मेसेजचा, डेटा रँक 2 चा. प्रोबनंतरच्या रिसीव्हमध्ये स्टेटसमधलाच (प्रोबने मेसेजबद्दल परत दिलेल्या माहितीतलाच) सोर्स आणि स्टेटसमधलाच टॅग द्यायचा, यात सूट नाही. ही एवढी दुरुस्ती करून निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

4. खरंच काय आलं ते छापा

अंदाज बांधत बसण्यापेक्षा स्टेटस बघा. स्टेटस_इग्नोर लिहून आपण पुरावा फेकून देत असतो. स्टेटसमध्ये पाठवणाऱ्याची रँक असते, टॅग असतो आणि गेट_काउंटने आकार कळतो.

प्रत्येक रिसीव्हला हात लावायचा नसेल तर एक जुनी युक्ती आहे. एमपीआयचं प्रत्येक फंक्शन 'पी' लावलेल्या नावानेही बोलावता येतं, पीएमपीआय_रिसीव्ह असं. म्हणजे एमपीआय_रिसीव्ह या नावाचं स्वतःचं फंक्शन लिहायचं, त्यात आतून पी-वालं बोलवायचं आणि मागितलं काय, मिळालं काय हे फाइलमध्ये टाकायचं. तीसेक ओळींत होतं. वरून स्टेटस_इग्नोर आला असेल तर आत आपला स्टेटस द्यायचा, एवढं विसरू नका. आणि प्रत्येक रँकची फाइल वेगळी ठेवा. सगळ्यांचं एकाच स्क्रीनवर छापलंत तर ओळींचा क्रम कुठलाच अर्थ सांगत नाही.

एका सिम्युलेशन कोडमधली ही नोंद मी जपून ठेवलीय:

रँक 0, मागितलं: सोर्स कोणीही, टॅग 1, जागा 4096 डबल
रँक 0, मिळालं: सोर्स 3, टॅग 1, आकार 4 बाइट

चार बाइट. म्हणजे एकच पूर्णांक. 4096 डबलचा (आठ बाइटांच्या दशांश आकड्यांचा) ठोकळा हवा होता आणि हाती आला एक आकडा. शोधल्यावर कळलं, कामगार रँक 'माझं इतके टक्के झालं' हा आकडा टॅग 1 ने रँक 0 ला पाठवत होत्या. फाइल लिहिणारा भाग दुसऱ्याच माणसाने लिहिलेला, त्यानेही टॅग 1 च निवडलेला. (टॅग 1 सगळ्यांचा लाडका. त्याच्या खालोखाल 0, 99 आणि 123.)

आता नीट बघा, याच एका चुकीतून दोन वेगळी लक्षणं कशी निघतात. मोठ्या रिसीव्हमध्ये छोटा मेसेज आला तर एमपीआयच्या दृष्टीने ती चूकच नाही. जागा जास्त, माल कमी, चालतं. बफरचे पहिले चार बाइट बदलतात आणि बाकी सगळ्या बफरमध्ये मागच्या पायरीचा डेटा तसाच पडून राहतो. मागच्या पायरीचा डेटा आताच्या पायरीच्या जवळचाच असतो, म्हणून उत्तर 'जवळपास' बरोबर दिसतं. आणि उलट झालं, म्हणजे एका पूर्णांकाची वाट बघणाऱ्या रिसीव्हमध्ये 32768 बाइटांचा ठोकळा घुसला, तर 'मेसेज ट्रंकेटेड'. या दोन्हींपैकी काय होणार हे कोणता मेसेज आधी पोचला यावर. त्या टीमने यासाठी दोन वेगळ्या नोंदी करून ठेवल्या होत्या, 'आकडे किंचित हलतात' आणि 'कधीमधी कोसळतो', आणि दोन वेगळी माणसं त्यांवर काम करत होती.

एक बारीक गोष्ट. गेट_काउंटला डबलच्या हिशोबाने विचारलंत आणि आलेत चार बाइट, तर पूर्ण डबल बसत नाही म्हणून तो 'अनडिफाइन्ड' सांगतो. एखाद्या नोंदीत काउंट म्हणून विचित्र ऋण आकडा दिसला तर तो बहुधा हाच. छोटा मेसेज चुकीच्या जागी आल्याची ती खूणच आहे.

5. बॅरियर टाकून बरं झालं? मग बरं झालेलं नाही

हा सल्ला हमखास मिळतो: दोन भागांच्या मध्ये बॅरियर टाका. बॅरियर सगळ्या रँकना एका रेषेत आणतो, वाटेतले किंवा कोणी न उचललेले मेसेज साफ करत नाही. उचललेला नसलेला मेसेज बॅरियरच्या आधीही तिथे असतो आणि नंतरही. बदलते ती फक्त वेळेची जुळणी. त्यामुळे बिघाड काही आठवडे दडून बसतो. बॅरियर टाकल्याने लक्षण गेलं, तर तेवढ्यावरून एकच निष्कर्ष काढा: प्रकरण वेळेवर अवलंबून आहे. मग बॅरियर काढा आणि पुढे चला.

याच टप्प्यावर दुसरा आजारही बाजूला काढून घ्या. सगळे सेंड तात्पुरते एससेंड करा. साधा सेंड छोटा मेसेज बहुतेक वेळा बफरमध्ये टाकून लगेच परततो, मोठ्यासाठी मात्र समोरच्या रिसीव्हची वाट बघतो. एससेंड कायमच वाट बघतो. एससेंड केल्यावर लहान डेटावरही जॉब हमखास लटकला, तर तुमचा कोड बफरच्या कृपेवर चालत होता. दोन रँक एकमेकींना आधी सेंड आणि मग रिसीव्ह करतायत असं काहीतरी सापडेल. सेंडरिसीव्ह वापरा. तो आजार या लेखाचा नाही.

6. मागे राहिलेला आयरिसीव्ह

ही तपासणी फारसं कोणी करत नाही, म्हणून थोडं थांबतो. लूपमध्ये पुढच्या पायरीसाठी आयरिसीव्ह (मेसेज यायची वाट न बघता लगेच परतणारा रिसीव्ह) आधीच लावून ठेवायची चांगली पद्धत आहे. पण उत्तर स्थिरावलं म्हणून लूप मधूनच तोडली, तर शेवटचा लावलेला आयरिसीव्ह तसाच राहतो. लूप संपली, फंक्शन संपलं, पण एमपीआयच्या यादीत तो जागा धरून बसलेला असतो. पुढच्या टप्प्यात त्याच सोर्सकडून त्याच टॅगचा मेसेज आला की तो या जुन्या आयरिसीव्हला मिळतो, कारण रांगेत तो आधी आहे. नवा रिसीव्ह वाट बघत लटकतो. जुन्या आयरिसीव्हचा बफर स्टॅकवर असेल तर आणखी मजा, आता त्या जागी दुसरंच काही असतं आणि मेसेज त्याच्यावर लिहिला जातो.

तपासायचं असं: प्रत्येक आयरिसीव्ह आणि आयसेंडच्या रिक्वेस्टला (त्या अपुऱ्या कामाच्या पावतीला) वेट, टेस्ट किंवा (फक्त रिसीव्हसाठी) कॅन्सल मिळतोय का, आणि तोही लूपमधून बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर. कॅन्सल केलं तरी त्यानंतर वेट लागतोच. फंक्शनच्या शेवटी 'रिक्वेस्ट_नल आहे का' असा एक अॅसर्ट टाकून ठेवा. फुकटचा पहारेकरी आहे.

7. कम्युनिकेटर वेगळा करा

इथपर्यंतच्या तपासण्या चूक शोधतात. ती परत होऊ नये म्हणून करायचं ते हे. ज्या भागाची स्वतःची बोलाचाल आहे, मग ती लायब्ररी असो, फाइल लिहिणारा भाग असो की प्रगतीचे आकडे गोळा करणारा, त्याने सुरुवातीला कॉम_डुप करून (कम्युनिकेटरची प्रत काढून) स्वतःचा कम्युनिकेटर घ्यायचा आणि आयुष्यभर त्याच्यावरच बोलायचं. रँक त्याच, प्रोसेस त्याच, पण आतला कॉन्टेक्स्ट वेगळा. मग दोघांनीही टॅग 1 वापरला तरी फरक पडत नाही आणि एकाचा एनी_सोर्स, एनी_टॅग दुसऱ्याच्या मेसेजला शिवू शकत नाही.

शोधमोहिमेतही डुपचा उपयोग होतो. संशयित लायब्ररीला कॉम_वर्ल्ड देत होतात तिथे डुप केलेला द्या. एका ओळीचा बदल. चुकीची उत्तरं थांबली तर छान, पण माझ्या अनुभवात बऱ्याचदा याहून उपयोगी गोष्ट होते: चुकीचं उत्तर जातं आणि त्याजागी जॉब लटकतो. घाबरू नका. आधी कोणाचा तरी हरवलेला मेसेज दुसऱ्याच्या मेसेजने भागत होता, आता भागत नाही. ज्या रिसीव्हवर लटकलाय त्याला मेसेज पाठवणारं कोणी नाहीच, हे पहिल्यांदा उघड झालं. डीबगर लावा, ओळ बघा, सापडलं.

डुप करतानाचे खड्डे मात्र ओळखीचे आहेत.

कॉम_डुप हे सामूहिक काम आहे. त्या कम्युनिकेटरमधल्या सगळ्या रँकनी ते बोलवायलाच हवं. 'रँक 0 असेल तर' या अटीच्या आत डुप लिहिलं की रँक 0 तिथेच बसून राहते. काहीच रँकना गट करायचा असेल तर कॉम_स्प्लिट वापरा आणि ज्यांना नकोय त्यांनी रंग म्हणून 'अनडिफाइन्ड' द्या. त्यांच्या हाती कॉम_नल येतो. बाकीच्यांना बोलावणंच शक्य नसेल तर एमपीआय 3.0 मध्ये, म्हणजे 2012 पासून, कॉम_क्रिएट_ग्रुप आहे. तो फक्त गटातल्या रँकनी बोलवायचा.

स्प्लिटनंतर रँक बदलते. 12 प्रोसेसचे 'रँक भागिले 3 ची बाकी' या रंगाने तीन गट केले, की रंग 1 असलेल्या रँक 1, 4, 7, 10 चा एक गट होतो आणि मूळची 7 ही नव्या गटात 2 होते. डोक्यात जुनी रँक ठेवून नव्या कम्युनिकेटरवर 'रँक 7 ला पाठव' लिहिलंत तर एरर येईल, आणि 'रँक 1 ला पाठव' लिहिलंत तर तो बिनबोभाट मूळच्या 4 ला जाईल. व्हेरिएबलला नुसतं 'रँक' नाव देऊ नका, कोणत्या कम्युनिकेटरमधली ते नावातच येऊ द्या. भाषांतर लागलंच तर ग्रुप_ट्रान्सलेट_रँक्स आहे.

डुप लूपमध्ये करू नका. नवा कॉन्टेक्स्ट ठरवायला सगळ्या रँकचं एकमत व्हावं लागतं, म्हणजे वेळ जातो. शिवाय कॉन्टेक्स्ट संपतात. एमपिचच्या वंशातल्या एमपीआयवर 'टू मेनी कम्युनिकेटर्स' अशी एरर आणि पुढे कंसात '0/2048 फ्री' असं काहीतरी दिसलं, की समजायचं कोणीतरी प्रत्येक पायरीला डुप करतंय आणि कॉम_फ्री विसरतंय. चार-पाच तासांनीच कोसळणारा जॉब बहुधा हाच. लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी नीटनेटकी पद्धत आहे: पहिल्यांदा डुप करा, तो वापरणाऱ्याच्या कम्युनिकेटरवरच अॅट्रिब्यूट म्हणून टांगून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच घ्या. पेट्सी ही गणिती लायब्ररी असंच करते.

जाता जाता, प्रत्येक कम्युनिकेटरला कॉम_सेट_नेमने नाव द्या. एररमध्ये किंवा डीबगरमध्ये अनोळखी आकड्याऐवजी 'फाइल-लेखन' दिसलं की अर्धा तास वाचतो.

8. सामूहिक कामांना टॅगच नसतो

ब्रॉडकास्ट, रिड्यूस, गॅदर यांना टॅग देता येत नाही. त्यांची जुळणी फक्त क्रमावर: त्या कम्युनिकेटरवरचं तुमचं पाचवं सामूहिक काम समोरच्याच्या पाचव्याशी जुळतं. आय-वाली, म्हणजे न थांबणारी सामूहिक कामंही सगळीकडे त्याच क्रमाने सुरू व्हायला हवीत. एका रँकने आधी ऊर्जेचा आयऑलरिड्यूस आणि मग वेगाचा लावला, दुसरीने उलट, तर ऊर्जेत वेग मिसळतो आणि आकार सारखा असेल तर कोणी काही बोलत नाही. क्रम सांभाळता येत नसेल तर दोघांना दोन कम्युनिकेटर. साध्या सेंड-रिसीव्हशी मात्र सामूहिक कामांची गल्लत एकाच कम्युनिकेटरवरही होत नाही, ती हमी मानकच देतं. तिथे वेळ घालवू नका.

9. थ्रेड

थ्रेडवरून (एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या कामांवरून) मेसेज जात असतील तर सगळ्यात आधी इनिट_थ्रेडने परत दिलेला 'प्रोव्हायडेड' बघा. मागितलं 'मल्टिपल' (सगळे थ्रेड बोलतील) आणि मिळालं 'फनेल्ड' (फक्त मुख्य थ्रेड बोलेल), तर पुढचं सगळं बेकायदेशीर आहे, तपासण्यात अर्थ नाही. रँक प्रोसेसला असते, थ्रेडला नसते. एकाच रँकच्या दोन थ्रेडनी एकाच टॅगवर रिसीव्ह लावला तर कोणता मेसेज कोणाला मिळेल याची काहीच हमी नाही.

तिसऱ्या तपासणीतली प्रोबची दुरुस्ती इथे पुरत नाही. एका थ्रेडने प्रोब केलेला मेसेज त्याने रिसीव्ह करायच्या आत दुसरा थ्रेड उचलून नेऊ शकतो. त्यासाठी एमप्रोब आणि एमरिसीव्ह आहेत, तेही 2012 पासूनच. एमप्रोब मेसेज बघतो आणि त्याच क्षणी बाजूला काढून ठेवतो.

प्रत्येक थ्रेडला स्वतःचा कम्युनिकेटर ही माझी पसंती. पण ते सगळे मुख्य थ्रेडवरून, थ्रेड सुरू व्हायच्या आधी करून ठेवा. एकाच कम्युनिकेटरवर दोन थ्रेडनी एकाच वेळी सामूहिक काम करायचं नसतं आणि डुप स्वतःच सामूहिक काम आहे.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

नऊही तपासण्या करून झाल्या आणि अजून सापडलं नसेल, तर एक दिवस मस्ट हे मोफत तपासणी साधन वापरून बघायला द्या. न जुळलेले सेंड, मागे राहिलेल्या रिक्वेस्ट, न सोडलेले कम्युनिकेटर, डेडलॉक असं बरंच ते स्वतः पकडतं. थोड्या प्रोसेसवर चालवा, कोड मंदावतो. त्यानंतर मात्र एकट्याने झुंजू नका.

बिघाड ठरावीक नोडवरच येत असेल, किंवा दोन प्रोसेसच्या वीस ओळींच्या स्वच्छ प्रोग्रॅममध्येही डेटा बिघडत असेल, तर तुमचा कोड सोडा आणि क्लस्टरच्या सिस्टिम अॅडमिनना कळवा. नेटवर्क कार्ड, ड्रायव्हर किंवा मेमरी तपासायचे अधिकार तुमच्याकडे नसतात, आणि असले तरी ते तुमचं काम नाही.

बंद सोर्सची लायब्ररी तिला दिलेल्या कम्युनिकेटरऐवजी कॉम_वर्ल्डवर बोलताना पीएमपीआयच्या नोंदीत दिसली, तर ती तुम्हाला दुरुस्त करता येणार नाही. बनवणाऱ्यांकडे जा. जाताना एमपीआयचं नाव आणि आवृत्ती, जॉब सुरू करायची नेमकी कमांड, किती प्रोसेसवर किती वेळा चुकलं, मागितलं-मिळालंच्या त्या दोन ओळी आणि बिघाड दाखवणारा छोटा प्रोग्रॅम घेऊन जा. शंभर ओळींच्या आत बसला तर उत्तर लवकर येतं.

आणि या कोडची उत्तरं कोणी आधीच कशासाठी तरी वापरली असतील, तर तपासणी कितव्या पायरीवर आहे याची वाट न बघता त्यांना आजच सांगा. कुठल्या तारखेच्या आवृत्तीपासून बिघाड आहे हे नंतर शोधता येतं. लायब्ररी कधी जोडली ते आवृत्तीच्या इतिहासात असतंच, तिथून सुरुवात करा.




वरच्या सिम्युलेशन कोडचं काय झालं असं विचाराल, तर दोन डुप आणि शेवटी दोन फ्री, एवढ्या चार ओळी. टॅग 1 दोन्ही भागांत अजूनही आहे.